मुखचित्र आणि मुखवटा

नोकरीच्या अर्जाला जोडावयाचें छायाचित्र हा वाङ्मयीन मासिकांत चर्चेला घेण्याजोगा विषय आहे काय, अशी शंका कांहीं वाचकांस येण्याचा संभव आहे. परंतु ज्या कलेनें मनुष्याचें स्वरूप दुसऱ्यापुढें मांडलें जातें ती कला, मग ती शब्दांची असो, कुंचल्याची असो वा यंत्राची असो, टीकेच्या कक्षेबाहेर राहूं शकत नाहीं, असें आमचें मत आहे. चरित्रकाराला आपण विचारतों कीं, तुझा नायक खरा आहे काय. तोच प्रश्न छायाचित्राला विचारण्यास हरकत कोणती? शिवाय गेल्या कांहीं वर्षांत या बाबतींत जो फरक पडला आहे तो लहानसहान नाहीं. पूर्वीं मनुष्य फोटो काढून घेत असे. आतां तो फोटो घडवून घेतो. घरीं काढलेलीं चार-दोन छायाचित्रें यंत्राच्या स्वाधीन केलीं कीं, जो कोट त्यानें कधीं अंगांत घातला नाहीं तो घालून, ज्या कचेरींत त्यानें कधीं पाऊल ठेवलें नाहीं तींत उभा राहून, तो आपल्याकडे पाहून हंसूं लागतो.

हा फरक नीट पाहावयाचा असल्यास मुंबईच्या बड्या कचेऱ्यांपेक्षां कर्जत-खालापूरकडे पाहावें. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागांतील हे दोन तालुके घाटाच्या पायथ्याशीं वसलेले आहेत. खोपोलीस १९१५ सालीं व भिवपुरीस १९२२ सालीं टाटांचीं जलविद्युत्-केंद्रें सुरू झालीं. पुढें रसायनीचे कारखाने आले. कारखान्याच्या फाटकाशीं उभें राहून, कोणाच्या तरी ओळखीनें काम मिळविणारी एक पिढी येथें होऊन गेली. तिचे नातू आज कर्जतहून पहाटेची लोकल पकडतात, आणि धन्याशीं त्यांची पहिली भेट फाटकाशीं होत नाहीं. २००३ सालीं सुरू झालेल्या लिंक्डइनसारख्या ठिकाणीं रुपयाएवढ्या वर्तुळांत ती होते. किंबहुना साहेबाची भेट उमेदवाराशीं होतच नाहीं. ती प्रथम त्याच्या छायाचित्राशीं होते, आणि तेथें पसंती पडली तरच उमेदवाराची पाळी येते.

त्या वर्तुळाचें महत्त्व काल्पनिक नाहीं. प्रिन्स्टन विद्यापीठांतील विलिस व टोडोरोव्ह या मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं असें दाखवून दिलें कीं, अनोळखी चेहरा सेकंदाचा केवळ दहावा भाग दिसला तरी पाहणारा त्याच्या विश्वासूपणाविषयीं व कर्तबगारीविषयीं मत बनवून मोकळा होतो; अधिक वेळ दिल्यास तें मत फारसें बदलत नाहीं, त्याविषयींची खात्री मात्र वाढते. हें मत बरोबर असतें, असा याचा अर्थ नव्हे. चूक असो वा बरोबर, तें बनतें एवढें खरें. आणि म्हणूनच आपला चेहरा बरा दिसावा ही तरुणाची इच्छा पोकळ डौलाची म्हणून हंसण्यावारी नेतां येत नाहीं. पोटाचा प्रश्न आहे.

आतां यंत्र करतें काय तें पाहूं. यंत्रशिक्षण म्हणजे यंत्राला नियम सांगणें नव्हे, तर त्याला उदाहरणें दाखविणें होय. २०१४ सालीं इयन गुडफेलो व त्यांचे सहकारी यांनीं एक युक्ति मांडली. दोन यंत्रें समोरासमोर बसवावयाचीं. एकानें खोटें नाणें पाडावयाचें व दुसऱ्यानें सराफाप्रमाणें तें पारखावयाचें. पारखणारा जसजसा तयार होतो तसतसा पाडणाराही तयार होतो, आणि शेवटीं खऱ्याखोट्याचा भेद डोळ्यांस कळेनासा होतो. याच युक्तीवर उभारलेली, पुसट चेहरे ‘सुधारणारी’ जीएफपी-गॅन ही पद्धति २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. दुसरी युक्ति अशी कीं, चित्रावर धूळ उडवावी तसे रंगाचे कण टाकून तें हळूहळू पुसावयाचें व त्या धुळींतून चित्र परत कसें काढावें हें यंत्रास शिकवावयाचें. गूगलच्या संशोधकांनीं २०२२ सालीं पुढें आणलेल्या ड्रीमबूथ पद्धतीनें अशा यंत्राला एका मनुष्याचीं तीन ते पांच छायाचित्रें दाखविलीं कीं, त्याला वाटेल त्या वेषांत व वाटेल त्या स्थळीं उभें करतां येतें.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. पुसट फोटोंत दडलेला तपशील यंत्र शोधून काढतें, असें पुष्कळांस वाटतें. तसें तें करीत नाहीं. जो तपशील फोटोंत उतरलाच नाहीं तो कोणाच्याही बापाला त्यांतून काढतां येणार नाहीं. यंत्र तो बाहेरून आणतें. दुसऱ्या हजारों चेहऱ्यांवरून अंदाज बांधून पापणी रेखतें, गाल भरतें व ओठांची कड ठळक करतें. ज्या संग्रहावर जीएफपी-गॅन शिकलें त्यांत सत्तर हजार चेहरे आहेत, आणि ते फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावरून घेतलेले आहेत. त्या स्थळाचे सारे पक्षपात संग्रहांतही उतरले आहेत, अशी कबुली संग्रह करणाऱ्यांनीं स्वतःच दिली आहे. तेव्हां कडाव-कशेळ्याच्या मुलाच्या गालावर जो तजेला येतो तो त्याचा नसतो. कोठल्या तरी परदेशी सहलींतील अनोळखी गृहस्थाचा तो उसना घेतलेला असतो.

उसनवारीचा हा व्यवहार कोठपर्यंत जातो याचीं दोन उदाहरणें प्रसिद्ध आहेत. २०२० सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या अशाच एका यंत्रापुढें बराक ओबामा यांचें मुद्दाम पुसट केलेलें छायाचित्र ठेवलें, तेव्हां यंत्रानें त्यांतून एक गोरा गृहस्थ काढून दिला. २०२३ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांतील आशियाई वंशाच्या एका विद्यार्थिनीनें आपलें छायाचित्र लिंक्डइनसाठीं व्यावसायिक दिसेल असें करून मागितलें. यंत्रानें तिला गोरी कांति व निळे डोळे बहाल केले. या दुसऱ्या उदाहरणांतील ‘व्यावसायिक’ हा शब्द आम्हांस फार विचार करण्याजोगा वाटतो. यंत्राला द्वेष नाहीं, जातिअभिमान नाहीं. त्यानें इतकेंच पाहिलें होतें कीं, जेथें जेथें कोट, कचेरी आणि प्रतिष्ठा तेथें तेथें बहुधा असा चेहरा. आणि त्यानें हिशेब पुरा केला. खालापूरच्या ठाकर वा कातकरी वाडीवरील पहिली पदवीधर मुलगी याच यंत्रापुढें आपलें छायाचित्र ठेवील, तेव्हां तो हिशेब तिच्या बाजूनें लागेल असें मानण्यास आधार कोणता ?

मात्र याचा दोष सर्वस्वीं परक्यांवर ढकलून मोकळें होणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. मुलीचा फोटो वरपक्षाकडे धाडण्यापूर्वीं ‘जरा उजळ करा’ म्हणून फोटोवाल्याला सांगणारे आईबाप आपल्याच घरांतले आहेत. ‘गहूंवर्णी’ हा शब्द आपण सत्य झांकण्यासाठींच किती वेळां वापरला असेल, याचा ज्याचा त्यानें विचार करावा. यंत्र जें सत्तर हजार चेहऱ्यांवरून शिकलें तें आपण यंत्रावांचूनच शिकलों होतों. मग त्यानें आपलीच आवड आपल्याला परत केली, तर तक्रार कोणाकडे करावयाची ?

छायाचित्र सुधारण्याची हौस कांहीं नवी नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. म्यूनिकचे फ्रांझ हान्फ्श्टेंगल यांनीं १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत कांचेवर हात फिरवून दुरुस्त केलेलें छायाचित्र मांडल्याचें सांगतात. मुंबईंत त्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १८५४ सालीं, छायाचित्रकारांची मंडळी स्थापन झाली होती व भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. बोरघाट चढून गेलें कीं लोणावळ्यापलीकडे मळवलीस राजा रविवर्म्याचा छापखाना होता. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरीं भिंतीवर बसल्या. त्याच छापखान्याशीं दादासाहेब फाळक्यांचा संबंध आला होता, आणि तेही आधीं छायाचित्रकारच होते. या सर्वांनीं मनुष्याला आहे त्याहून देखणें केलें, हें खरें. परंतु लक्ष्मीच्या चित्रापुढें हात जोडणारा ही अमक्या घरची अमकी बाई असें समजत नव्हता, आणि रंगवलेला फोटो पाहणाराला रंग दिसत होता. भूल घालणाराचा व भूल पडणाराचा तेथें एक करार होता. कर्जतजवळ नितीन देसाई यांनीं २००५ सालीं उभारलेल्या चित्रनगरींत ‘जोधा अकबर’साठीं आग्र्याचा किल्ला उभा राहिला, तो खोटा म्हणून कोणी कधीं फसला नाहीं, उलट त्या खोटेपणाचेंच लोकांनीं कौतुक केलें. नव्या यंत्राच्या चित्रांत हा करार मोडला आहे. त्याचें सारें यश सुधारणा सुधारणा म्हणून न कळण्यांत आहे. आमचा मुख्य आक्षेप तो हाच.

या आक्षेपाचें स्वरूप स्पष्ट करणारी एक वस्तु याच परिसरांत आहे. राजमाचीच्या पायथ्याशीं, कर्जत तालुक्यांत, कोंडाणें येथें बौद्ध लेणीं आहेत. तीं ख्रिस्तपूर्व काळचीं मानतात. तेथें दर्शनी भागाजवळ एका मोठ्या मूर्तीचें मस्तक उरलें आहे. मुखाचे अवयव नष्ट झाले आहेत. शिरोभूषण मात्र किती मन लावून कोरलें होतें तें अजून दिसतें. शेजारीं ब्राह्मी लिपींत एक ओळ आहे: कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, असें ती सांगते. त्या मस्तकाचें छायाचित्र आजच्या यंत्राला दिल्यास तें क्षणांत नाक, डोळे, ओठ बसवून एक सुरेख मुख आपल्या हातांत ठेवील. परंतु तें बलकानें कोरलेलें मुख असणार नाहीं, आणि तें पाहिल्यावर ज्या रिकाम्या जागेंत आपली कल्पना दोन हजार वर्षें मागें जाऊं पाहते ती जागाही बुजून जाईल. पुरातन वास्तूंच्या संरक्षणाविषयीं १९६४ सालीं व्हेनिस येथें जी सनद झाली तिच्यांत एक सुंदर नियम आहे. नष्ट भाग नव्यानें बसविल्यास तो एकंदर वस्तूंत शोभला पाहिजे, परंतु मुळापासून वेगळा ओळखूं आला पाहिजे. नाहीं तर दुरुस्तीनें इतिहास खोटा ठरेल. दगडाच्या मुखाला जो न्याय आपण देतों तो जिवंत मुखाला नाकारण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, मुंबईच्या श्रीमंत उमेदवाराला उत्तम छायाचित्रकार, उंची कोट व प्रशस्त दिवाणखाना मिळतो. नेरळच्या चाळींतल्या मुलानें भिंतीवरील खुंटी व मागची दोरीवरची धुणीं दाखवावीत काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर ‘नाहीं’ असेंच आहे. यंत्राच्या या समतेचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. प्रकाश कमी पडला असेल तो वाढवावा, मागची अडगळ काढावी, वांकडें चित्र सरळ करावें. हे कॅमेऱ्याचे व खोलीचे दोष आहेत, मनुष्याचे नव्हत. चित्राची निवड करतांनाही साहाय्य घ्यावें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, स्वतःचीं छायाचित्रें मनुष्य स्वतः निवडतो त्यापेक्षां अनोळखी माणसें अधिक चांगलीं निवडतात. पण कोटाशीं आल्यावर आम्ही थबकतों. जो अंगांत नाहीं तो चित्रांत घालणें अगदींच निर्दोष नव्हे, तरी तो मागून आणतां येतो. चेहऱ्याच्या बाबतींत मात्र तडजोड नाहीं. रंग, नाकाचा आकार, वणाची खूण, वयाची रेघ यांना हात लागूं नये. पारपत्राच्या छायाचित्रांत असा फेरफार चालत नाहीं, तो उगाच नव्हे.

व्यवहाराच्या दृष्टीनेंही हाच मार्ग शहाणपणाचा आहे. चित्र पाठवितां येतें. मुलाखतीला स्वतः जावें लागतें. चित्रानें दिलेलें वचन चेहऱ्याला पाळतां आलें नाहीं, तर ज्या विश्वासूपणासाठीं हा सारा खटाटोप केला तोच प्रथम संशयांत येतो. परंतु याहून मोठें नुकसान उमेदवाराच्या स्वतःच्या मनाचें आहे. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला वारंवार दाखवावें कीं, हा तूं आणि हा सुधारलेला तूं, म्हणजे आरशांतील मूर्ति त्याला कच्च्या मसुद्यासारखी वाटूं लागते. आईच्या वळणाचें नाक व बापाचा सांवळेपणा या गोष्टी दुरुस्तींत काढून टाकावयाच्या चुका आहेत, हें शिक्षण कोणत्याही शाळेनें दिलें असतें तर आपण ती शाळा बंद पाडली असती.

म्हणून आमची वडील मंडळींस विनंती आहे कीं, मुलामुलींनीं अर्जाचें छायाचित्र दाखविलें असतां ‘छान दिसतो’ एवढ्यावर न थांबतां ‘हा तूंच ना ?’ असें मायेनें विचारावें. उमेदवार निवडणाऱ्यांनीं तर पहिल्या चाळणींत छायाचित्र पाहूंच नये, हें उत्तम. सेकंदाच्या दहाव्या भागांत बनणाऱ्या मतापासून त्यांचेंही रक्षण होईल, आणि उसन्या चेहऱ्यांचा हा बाजारही पुष्कळसा उतरेल.