प्रावरणाच्या भिंतीपलीकडे

मागच्या व्याख्यानानंतर एकांनी विचारलं होतं, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र स्थिर की अस्थिर, हे शास्त्रज्ञ ठरवतात कशावरून? आज त्यातला एकच युक्तिवाद तपासू.

आपल्या पायाखाली सुमारे २९०० किलोमीटरवर द्रवरूप लोखंडाचा गाभा लागतो. क्षेत्र तिथे जन्मतं. आपण मोजतो ते प्रावरणाच्या खडकातून गाळून आलेलं. हा खडक थोडी वीज वाहतो, त्यामुळे झपाट्याचे बदल त्यात विरतात, संथ बदल तेवढे वर येतात. शेजारच्या खोलीतला तबला भिंतीतून ऐकावा तसं. आवाज मऊ येतोय तो भिंतीमुळे, की वाजवणाऱ्याचा हातच हलका म्हणून?

१९६९ च्या सुमारास पश्चिम युरोपातल्या वेधशाळांत क्षेत्राच्या बदलाचा वेग एक-दोन वर्षांत पालटला. १९७८ मध्ये कूर्तियो आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. मग युक्तिवाद आला: इतका तीक्ष्ण झटका वर पोचला, त्याअर्थी प्रावरणाची वाहकता कमीच. ऐकायला चोख. पण यातून मिळते ती वाहकतेची वरची मर्यादा, प्रत्यक्ष मूल्य नव्हे. आणि ती मर्यादाही वाटते तितकी पक्की नाही. क्षेत्राचे लहानमोठे घटक वेगवेगळ्या उशिराने वर येतात. त्यांच्या सरमिसळीत एखाद्या ठिकाणी झटका प्रत्यक्षाहून तीक्ष्ण दिसू शकतो. जॉर्ज बॅकस यांचं १९८३ चं काम याविषयीचं आहे.

माझा खरा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. वाहकता कमी धरून गाभ्यातले प्रवाह काढायचे, आणि ते प्रवाह पटण्याजोगे निघाले म्हणून वाहकता बरोबर म्हणायचं, असं कोणी केलं तर आपले नैयायिक त्याला अन्योन्याश्रय दोष म्हणतील.

स्वतंत्र पुरावा अजिबात नाही, असं नाही. चुंबकीय वादळांमुळे खडकात प्रवाह उठतात, त्यांवरून वाहकता वरून मोजता येते. आपल्या अलिबागच्या नोंदी अशाच कामाच्या. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार, कुलाब्याची मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा तिकडे गेली, बरं का.) पण ही मोजणी हजार-दीड हजार किलोमीटरच्या खाली फारशी पोचत नाही. वाद आहे तो तळच्या थराचा.

तिथे पोचायची दुसरी वाट म्हणजे पृथ्वीच्या अक्षाचं डुलणं. त्यावरून १९९० च्या दशकात ब्रूस बफेट यांनी गाभ्याला लागून चांगला वाहक असा पातळ थर असावा, असं मांडलं. म्हणजे भिंत सगळीकडे सारखी नाही. मग '१९६९ चा झटका वर आला म्हणून प्रावरण कमी वाहक' हे वाक्य कोणत्या थराबद्दल आहे, हे म्हणणाऱ्याने आधी सांगायला हवं.