साथीला बसलेला संगणक

नारायणगाव हे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. गुढीपाडव्याच्या आधी इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी देऊन जातात. या मुलखात ढोलकीचा ठेका हलला तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. म्हणून सिनेमे पाहायला टीव्हीला जोडलेल्या छोट्या संगणकाची पारख जुन्नर-आंबेगावात तरी मी नुसत्या वेगावर करणार नाही. हा गडी साथीला कसा बसतो, ते पाहीन. जलद हात चालतो म्हणून साथीदाराला दाद मिळत नाही, समेवर थाप पडते म्हणून मिळते.

समोरचा नमुना अगदी साधा आहे. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेला, जाड पुस्तकाएवढा मिनी पीसी. आत सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर. ही पिढी विचारूनच घ्यावी. सहाव्या पिढीची चिप एचईव्हीसी या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीची ८ बिटची फाइल आपल्या खास कप्प्यात उलगडते, पण १० बिटची आली की तिला ते पेलत नाही. मग सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर येतं, पंखा घरघरतो आणि चित्र अडखळतं. सातव्या पिढीपासून १० बिटचं कामही त्या कप्प्यातच होतं, मुख्य प्रोसेसर जवळपास रिकामा बसतो. जुन्या बाजारात दोन्ही डबे बाहेरून सारखेच दिसतात.

ठरावीक काम खास कप्प्याकडे सोपवण्याची हीच युक्ती जवळच खोडदला फार मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळते. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांच्या ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीचे संकेत येतील तसे लगेच एकमेकांशी गुणावे लागतात. दुर्बिणीच्या नव्या रूपात हे काम ग्राफिक्स कार्डांकडे दिलं आहे. आकाशातून येणारा संकेत थांबत नाही, तशी सिनेमाची पुढची चौकटही थांबत नाही. उशिरा केलेलं काम दोन्हीकडे वाया.

आता आतली मांडणी. लिब्रेइलेक ही फक्त कोडी हा सिनेमे लावायचा प्रोग्राम चालवण्यापुरती बेतलेली लिनक्स, २०१६ साली ओपनइलेकमधून फुटून निघालेली. कोडीचा जन्म मुळात एक्सबॉक्स या खेळाच्या डब्यावरचा, कोडी हे नाव त्याला २०१४ मध्ये मिळालं. लिब्रेइलेकमध्ये मला सगळ्यात आवडलेली जागा अशी, की अख्खी मूळ प्रणाली एका दाबून बसवलेल्या फाइलीत असते आणि चालू असताना तिच्यात काही लिहिलं जात नाही. घोडेगावच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. ती गेली तर हार्ड डिस्कवर अर्धवट लिहिलेली प्रणाली मागे उरत नाही. वीज आली की डबा उठतो आणि कामाला लागतो. तुमची आवडीची यादी मात्र वेगळ्या जागी लिहिली जाते, तिची प्रत काढून ठेवलेली बरी.

वेग वाढवण्याचे बाकी उपाय थोडक्यात सांगतो, कारण त्यांत रस कमी आहे. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी. वायफायऐवजी लॅनची वायर. हौसेने घातलेले अॅड-ऑन काढायचे, भपकेबाज स्किन काढून टाकून मूळची एस्च्युअरी ठेवायची. एवढ्याने मेनू झरझर हलतो. पण मेनू पाहायला कोण बसतं?

खरी मेख रिफ्रेश रेटच्या सेटिंगमध्ये आहे. 'पिंजरा' घ्या, १९७२ चा. दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं, गीतं जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदमांचं, आवाज उषा मंगेशकरांचा, पडद्यावर संध्या. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, टीव्ही मात्र सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवतो. २४ ने ६० ला नेमका भाग जात नाही, म्हणून एक चौकट दोनदा दाखवायची, पुढची तीनदा, असा जुगाड चालतो. एखादी गिरकी एका सेकंदात पुरी झाली असं धरा. दर चौकटीला ती १५ अंश पुढे जाते, पण निम्म्या चौकटी सेकंदाच्या तिसाव्या भागापुरत्या टिकतात आणि निम्म्या विसाव्या भागापर्यंत रेंगाळतात. गिरकी लंगडते. ढोलकी आणि घुंगरू बिनचूक चालू असतात, म्हणजे कान एका लयीत आणि डोळे दुसऱ्या. कोडीला सिनेमाप्रमाणे रिफ्रेश रेट बदलायला सांगितलं की टीव्ही २४ वर येतो आणि ती गिरकी एकसंध होते. इथे २३.९७६ आणि २४ यांतही भेद करावा लागतो. चुकीचा आकडा धरला तर साधारण ४२ सेकंदांनी एकदा पाय अडखळतो. टीव्हीचं मोशन स्मूदिंगही बंदच हवं. न काढलेल्या चौकटी ते मनाने भरतं, आणि नर्तकी तेलावरून घसरल्यासारखी दिसते.

याहून नाजूक भानगड सुराची. आपल्या दूरदर्शनची जुनी पद्धत पाल, सेकंदाला २५ चौकटींची. अशा पद्धतीत २४ चा सिनेमा सहसा २५ ने पळवत. दोन तासांचा खेळ पावणेपाच मिनिटांहून थोडा जास्तच आधी उरकतो, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पण आवाजही त्याच्याबरोबर पळतो, आणि काळी एकमधली लावणी पांढरी दोनच्या दिशेने निम्म्याहून जास्त वाट चालून जाते. गळा पातळ होतो, ठेका उतावळा. टीव्हीसाठी अशा पळवलेल्या प्रतीवरून बनलेली फाइल पुन्हा २४ वर आणली की ढोलकीच्या दोन थापांमधली मोकळीक परत मिळते, आणि लावणीचा तोरा त्या मोकळिकीतच असतो. संगणकाचा वेग वाढवायला बसलेल्या माणसाने शेवटी सिनेमा चार टक्क्यांनी हळू करावा, याची मला गंमत वाटते.

हे सगळ्यांना पटतंच असं नाही. ज्यांनी जुने सिनेमे टीव्हीवरच पाहिले, त्यांच्या कानांना दुरुस्त केलेला सूर पडलेला वाटतो. त्यांच्यासाठी २५ ची फाइलही डिस्कवर असू द्यावी. ती लावली की टीव्ही ५० वर जातो, प्रत्येक चौकट बरोबर दोनदा येते, आणि निदान गिरकी तरी लंगडत नाही.