35 च्या जागी 35? एका फ्यूज बॉक्सची चिकित्सा

पीएचडीच्या तयारीत ‘चिकित्सक आढावा घ्या’ असं सगळेच सांगतात. तो घ्यायचा कसा, हे आज एका साध्या सूचनेवर करून बघू. सूचना आहे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, समजा 1962 साली आलेल्या एमजीबीचा, फ्यूज बॉक्स बदलण्याची. बुलढाण्याच्या रस्त्यावर ही गाडी दिसणं कठीण, पण तिचं घराणं आपल्या ओळखीचं आहे. तिच्या आधीच्या एमजीएचं 1489 सीसीचं इंजिन आणि जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन मुळात एकच, बीएमसीचं.

अशा सूचनांमध्ये घेण्यासारखं बरंच असतं. आधी बॅटरीची वायर काढा, फोटो घ्या, वायरींवर खुणा करा, एकेक वायर हलवा. कारणही रास्त असतं : जुन्या ल्युकस बॉक्समधल्या पकडी गंजतात, ढिल्या होतात आणि तिथे उष्णता तयार होते. इथपर्यंत माझी हरकत नाही.

हरकत आहे ती यापुढच्या पायरीला : काचेचा 35 अँपिअरचा फ्यूज काढून 35 चाच ब्लेड फ्यूज लावणं. वाचताना इथे थांबायला हवं. 35 म्हणजे नेमकं काय? ल्युकसच्या काचेच्या फ्यूजवरचा 35 हा फ्यूज उडण्याचा आकडा आहे. सतत वाहून न्यायची त्याची क्षमता साधारण 17 अँपिअरच. ब्लेड फ्यूजवरचा 35 मात्र वाहून नेण्याचा आकडा आहे. म्हणजे आता जवळपास दुप्पट करंट बिनबोभाट वाहील. आणि फ्यूज असतो तो वायर वाचवायला. उद्या काही बिघडलं तर फ्यूज शाबूत राहील आणि जुनी वायर जळेल. इथे 15 किंवा 20 चा ब्लेड फ्यूज हवा, तोही वायरची जाडी बघून.

लक्षात घ्या, सूचनेत खोटं काहीच नव्हतं. आकडा बरोबर, एकक बरोबर. फक्त व्याख्या वाटेत गळाली.

आपल्या लोणारचंच बघा. विवराचं वय एका अभ्यासात 52 हजार वर्षं आलं, ते थर्मोल्युमिनेसन्सने. दुसऱ्यात 5 लाख 70 हजार, ते अर्गॉन पद्धतीने. एकक दोन्हीकडे ‘वर्षं’च. पण पहिल्या पद्धतीत खनिजात साठलेल्या ऊर्जेवरून काळ काढतात, दुसरीत पोटॅशियमपासून तयार झालेल्या अर्गॉनवरून. कोणता आकडा का घ्यायचा, हे पद्धत वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. दोन्हींची सरासरी काढून मोकळं होणं म्हणजे 35 च्या जागी 35 लावणंच.

तेव्हा आढाव्याच्या तक्त्यात आकड्याशेजारी एक रकाना वाढवा : ‘हा मोजला कसा?’ तो रिकामा असेल तोवर तो आकडा प्रबंधात घेऊ नका.