कातळ वाचणारे पाथरवट

कल्याणहून माळशेजच्या रस्त्याला लागून मुरबाड मागे टाकले की उजव्या हाताला सह्याद्रीची भिंत सोबत चालू लागते. तिची ठेवण नीट पाहावी. आधी झाडीने भरलेला उतार, त्यावर उभा नागडा कडा, त्यावर पुन्हा उताराचा हिरवा पट्टा आणि पुन्हा कडा. साडेसहा कोटी वर्षांमागे लाव्हा थरावर थर पसरत गेला. त्यातले टणक थर कडे होऊन राहिले आणि ठिसूळ थर झिजून उतार झाले. शहापूर-मुरबाडचे गड आणि घाट पाहायला निघालेल्याने ही ठेवण आधी डोळ्यांत भरून घ्यावी. ज्यांनी हे गड केले त्यांनी बांधले फार थोडे. कोणता थर कोरायचा, कोणता हात न लावता राखायचा आणि कोणत्या फटीतून वाट न्यायची, हे ठरवण्यात त्यांची सारी बुद्धी खर्ची पडली आहे. रायगड-राजगडाच्या तटाबुरुजांना सरावलेली नजर इथे येऊन चिरेबंदी शोधते आणि हिरमुसते. तिने चिऱ्यांऐवजी टाकीचे घाव शोधावेत.

सुरुवात नाणेघाटापासून करावी. तो किल्ला नाही, पण या मुलखातल्या कातळकामाची बाराखडी तिथे आहे. घाटमाथा आणि लेणे आज जुन्नर तालुक्यात मोडतात, चढ मात्र मुरबाडचा. वैशाखरे गावाजवळून निघालेली वाट बराच वेळ रानातून सौम्य चढत राहते. समोर नानाचा अंगठा म्हणून ओळखला जाणारा कडा आभाळात घुसलेला दिसत असतो आणि त्याला वळसा घालून जायला जागा कुठे असेल, हे शेवटपर्यंत कळत नाही. मग पायाखाली दगडी पायऱ्या येतात आणि वाट दोन कड्यांच्या मधल्या चिंचोळ्या खिंडीत शिरते. सोपारा-कल्याणच्या बंदरांवरचा माल जुन्नरला आणि पुढे पैठणला न्यायचा, तर लादलेल्या जनावरांना झेपेल असा चढ हवा. आखणी करणाऱ्याने डोंगराशी कुठेही झटापट केलेली नाही. उताराचे पट्टे येतील तिथे वाट आडवी फिरवली आणि कडा टाळता येईना तेवढ्याच ठिकाणी दगडाला हात घातला. दोन हजार वर्षे पावले झेलून यातल्या कित्येक पायऱ्यांच्या कडा गोलावल्या आहेत, काही ठिकाणी अलीकडची डागडुजीही दिसते, तरी चढाची लय अजून मूळ आखणाऱ्याचीच आहे.

खिंडीच्या तोंडाशी लेणे आहे. सजावट जवळजवळ नाहीच, तीन भिंतींना लागून कोरलेले दगडी बाक तेवढे आहेत. बहुतेक लोक इथे बसून पाणी पितात, भिंतीवरची अक्षरे पाहून "ब्राह्मी" म्हणतात आणि माथ्यावरच्या वाऱ्याकडे धावतात. त्यांनी थोडे थांबावे. डाव्या-उजव्या भिंतींवरचा हा लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जातो आणि तो सातवाहनांची राणी नागनिका हिच्याशी जोडलेला आहे. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना नमन आहे. पुढे राणीचे व्रतस्थ जीवन येते. महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनी झालेली अशी ती आहे. नंतर यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा. आता मागच्या भिंतीकडे वळावे. तिथे राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आज पावलांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे एवढेच शिल्लक आहे. पहिले नाव सिमुक सातवाहनाचे. त्यानंतरची ओळ देवी नागनिका आणि राजा श्रीसातकर्णी यांची, आणि या जोडीत राणीचे नाव आधी आहे. कुमारांच्या नावांत एका महारठीचेही नाव आहे. अभ्यासक त्याला नागनिकेचा पिता मानतात, म्हणजे सासरच्या वंशपटात तिने माहेरही उभे केले. मूर्ती गेल्या तरी ही मांडणी टिकली, आणि एका स्त्रीचा करारी स्वभाव तिच्यात आजही स्वच्छ वाचता येतो.

माझे सर्वात आवडते स्थळ मात्र उजव्या भिंतीवर, दक्षिणांच्या यादीत आहे. अकरा हजार गाई, चोवीस हजार चारशे कार्षापण नाणी असे आकडे तिथे येतात आणि ते अंकांत कोरलेले आहेत. भारतातल्या सर्वात जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत नाणेघाटाची गणना होते. शून्य अजून यायचे आहे आणि अंकाच्या जागेवरून त्याची किंमत ठरवण्याची रीतही इथे नाही. मग २४,४०० लिहायचे कसे? हजाराच्या चिन्हाला विसाचे चिन्ह जोडून वीस हजार, हजारालाच चाराचे चिन्ह जोडून चार हजार आणि शंभराला चार जोडून चारशे. तीन जोडचिन्हे शेजारी शेजारी, की रक्कम पुरी. भगवानलाल इंद्रजींसारख्या पंडितांनी एकोणिसाव्या शतकात हे लेख वाचले, म्हणून आज आपल्याला हे ठाऊक आहे. पण मुळात हे कोरणाऱ्या कारागिराचा विचार करावा. अक्षरात चूक झाली तर वाचणारा सांभाळून घेतो, आकड्यात चुकले तर हजारांचा फरक पडतो. जकातीच्या वाटेवर, जिथे सतत हिशेब चालत असणार, अशा जागी राणीच्या दानाचा हिशेब सर्वांना दिसेल असा उघडा मांडला, यातले औचित्य अपूर्व आहे.

लेण्यापासून वर आले की दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते. त्याच्या पोटाचा फुगवटा आणि तोंडाचा काठ चाकावरून उतरलेल्या मडक्याइतका सहज आहे. पावसाळ्यात माथ्यावर गर्दी होते ती उलट्या धबधब्यासाठी. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून वर उसळतो आणि पडणारे पाणी माथ्यावर परत फेकतो. देखावा विलक्षण खराच. तरीही लेण्याला पाऊसभर मिळणाऱ्या धावत्या नजरेपेक्षा अधिक काही मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

नाणेघाटात वाट सोपी करण्याचे कसब आहे, गोरखगडावर नेमके उलटे. मुरबाडहून म्हसा मार्गे देहरी गावात यावे. वाटेतले म्हसा पौष पौर्णिमेच्या जत्रेसाठी आणि तिथल्या गुरांच्या बाजारासाठी ठाऊक असते. देहरीतून दोन सुळके शेजारी दिसतात, गोरख आणि मच्छिंद्र, नाथपंथातले शिष्य आणि गुरू. रान संपून कातळ सुरू झाला की पायऱ्या येतात. इथे थांबून एका पायरीची उंची डोळ्यांनी मोजावी. घरच्या जिन्यासारखी ती बेतलेली नाही. पाऊल ठेवायला पुरेल एवढीच खोबण, आणि पुढच्या पावलासाठी गुडघा चांगला वर उचलावा लागतो. चढणारा एका वेळी एकटाच येऊ शकतो, हाताने कातळ धरूनच येऊ शकतो, म्हणजे त्याच्या हातात शस्त्र असू शकत नाही. तट न बांधता केलेला हा बंदोबस्त आहे. पायऱ्यांच्या शेवटी दरवाजा येतो, तोही कड्याच्या पोटातच कोरून काढलेला. चौकट म्हणून वेगळे काही बसवलेले नाही. डोंगरानेच जरा अंग बाजूला घेतले, असे वाटते.

आत पाण्याची टाकी आहेत आणि पुढे एक ऐसपैस गुहा. टाकी आणि गुहा इतकी जवळ का, हे विचारून पाहावे. वरून झिरपणारे पाणी कातळाच्या भेगांतून कुठे उतरते हे आधी हेरायचे, तिथे टाके खोदायचे आणि पहाऱ्याच्या माणसाला पाण्यासाठी उघड्यावर जावे लागू नये अशा बेताने राहण्याची जागा शेजारी कोरायची. गुहेचे तोंड थेट मच्छिंद्रगडाच्या सुळक्याकडे आहे आणि समोर दरीच्या काठावर चाफा उभा आहे. लढाऊ किल्ला म्हणावा एवढा विस्तार गोरखगडाला नाही. इथे टेहळणी करायची आणि साधना करायची, आणि दोन्हींना लागणारी जागा एकच. सावली हवी, जवळ पाणी हवे, नजर दूरवर जावी आणि माणसांची वर्दळ नसावी. शिपाई आणि जोगी यांची गरज एका गुहेत भागवणारी ही योजना मला कितीही वेळा पाहिली तरी थक्क करते. माथ्यावर जायला आणखी पन्नासेक पायऱ्या कड्यावर कोरल्या आहेत. वर महादेवाचे छोटे देऊळ आणि नंदी. पावसाळ्यात आणि दव पडलेल्या सकाळी या पायऱ्या टाळाव्यात. वरचे देऊळ कार्तिकातही तिथेच असते.

मोरोशीचा भैरवगड आणि सिद्धगड यांच्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवे. भैरवगडाविषयी एकच सांगतो. तिथे डोंगर भिंतीसारखा पातळ उभा आहे आणि त्या भिंतीच्या अंगावर पायऱ्या कोरणाऱ्याने उभे राहायला जागा कुठे घेतली असेल, या प्रश्नातच त्या गडाचे निम्मे सौंदर्य आहे.

शहापूरचा माहुली या सगळ्यांहून वेगळा, कारण त्याचे काम मोठ्या मापाचे. आसनगाव स्टेशनात उतरले की तो समोरच दिसतो. उंची २,८१५ फूट. उत्तरेला पळसगड, मध्ये माहुली, दक्षिणेला भंडारगड, असे तीन गड एका रांगेत. रांगेवर नवरा, नवरी, भटोबा असे सुळके आहेत आणि वजीर नावाचा एकांडा सुळका. माळावरून पाहणाऱ्या पिढ्यांनी दगडात वऱ्हाड ओळखले. लष्करी नजरेने मात्र सुळक्यांपेक्षा मधल्या खाचांकडे पाहिले. डोंगर जिथे तुटतो तिथे शत्रू चढणार हे उघड आहे. दुसरा एखादा ती खाच बुजवायला निघाला असता. माहुलीच्या रचनाकाराने माहुली आणि भंडारगड यांच्यामधल्या खाचेतच कल्याण दरवाजा ठेवला. अंगावर येणारी कातळाची उंची फुकट मिळाली आणि डोंगराची सर्वात कच्ची जागा प्रवेशाची सर्वात अवघड जागा झाली. तीन गडांच्या मधल्या तुटींमुळे एक पडला तरी दुसरा वेगळा लढवता येतो, हाही हिशेब त्यातच आला.

या हिशेबाची परीक्षा इतिहासाने दोनदा घेतली. १६३६ मध्ये शहाजीराजे निजामशाहीचा बालराजा सोबत घेऊन याच गडावर मुघल सरदार खानजमान याच्या वेढ्यात होते. अखेर तह झाला आणि निजामशाही संपली. पुरंदरच्या तहात मुघलांकडे गेलेला हा गड घेण्यासाठी फेब्रुवारी १६७० मध्ये मराठ्यांनी हल्ला केला, तो किल्लेदार मनोहरदास गौड याने परतवला. पुढे मनोहरदासाने किल्लेदारी सोडली, त्याच्या जागी अलावर्दी बेग आला आणि जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली स्वराज्यात आणला. दोन हल्ल्यांच्या मध्ये चारच महिने. तेवढ्यात कातळ बदलला नव्हता, त्यावर पहारा देणारा बदलला होता.

आज माहुली गावातून चढणारा बहुधा वरच्या शिडीने माहुलीवर येतो, महादरवाजाच्या देवड्या आणि पाण्याचे टाके पाहतो आणि दमून माघारी फिरतो. पाण्याची बाटली भरून घेऊन त्याने भंडारगडाच्या टोकापर्यंत जरूर चालावे. तिथून वजीर सुळका शेजारी येतो, तानसाचे पाणी दिसते आणि मुख्य म्हणजे कल्याण दरवाजाची खाच कळते. माणसाने किती कोरले आणि डोंगराने किती आधीच देऊन ठेवले होते, याची सीमारेषा तिथे बोट ठेवून दाखवता येत नाही. ती शोधत बसण्यात दुपार कशी जाते ते कळत नाही.