'उघड' झालं म्हणजे नक्की काय झालं? विजेच्या सुरुवातीवरचा एक पेपर आणि त्याचं शीर्षक

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य ठोकून दिलं होतं: "ढगात वीज कशी सुरू होते हा प्रश्न २०१६ मध्ये सुटला आहे." पुढे लगेच संदर्भ. मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "पेपर वाचलास, की शीर्षक?"

मी गप्प. शीर्षक वाचलं होतं, ॲब्स्ट्रॅक्ट वाचला होता, दोन चित्रं बघितली होती. आणि तेवढ्या जोरावर मी पुढची चार वर्षं कुठे घालवायची ते ठरवून टाकलं होतं. सुरुवातीचा प्रश्न सुटलाय ना, मग तो सोडा, वीज जमिनीला कशी भिडते तिकडे वळा, असा हिशोब. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता नेट-पेट देऊन विषय शोधताय. म्हणून तो पेपर मी परत, या वेळी खरंच वाचला, त्याबद्दल सांगतो.

पेपर आहे विल्यम रायसन, पॉल क्रेबिल आणि सहकाऱ्यांचा, 'नेचर कम्युनिकेशन्स'मधला, २०१६ सालचा. शीर्षकाचं मराठी करायचं तर असं होईल: 'नॅरो बायपोलर इव्हेंटच्या निरीक्षणांतून वादळी ढगात वीज कशी सुरू होते ते उघड होते'. यातलं 'उघड होते' हे क्रियापद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी अडचण काय होती ते बघू. समुद्रसपाटीला कोरडी हवा फोडायला साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटर एवढं विद्युतक्षेत्र लागतं. सहा-सात किलोमीटर उंचीवर हवा विरळ, तिथे साधारण निम्म्यात भागतं. पण फुगे सोडून ढगाच्या आत मोजलं तर सापडतं बहुतेक वेळा एक-दोन लाख, क्वचित थोडं जास्त. म्हणजे जवळजवळ दहापट कमी. तरी वीज होतेच. मग पहिली ठिणगी पेटते कशी? एक गट म्हणतो, गारा, बर्फकण आणि थेंब यांच्या टोकांशी क्षेत्र स्थानिक पातळीवर वाढतं आणि तिथून स्ट्रीमर निघतात. स्ट्रीमर म्हणजे हवेत पुढे सरकणारे बारीक, थंड विद्युत-तंतू. दुसरा गट म्हणतो, अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे फार वेगवान इलेक्ट्रॉन मिळतात, ते कमी क्षेत्रातही पळत सुटतात आणि आपल्यामागे लोंढा तयार करतात. गुरेविच आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ही दुसरी कल्पना मांडली, तेव्हापासून हा वाद चालूच आहे.

वीज जमिनीवर येण्याचा भाग त्या मानाने कितीतरी जास्त माहितीचा आहे. शॉनलँड आणि त्यांचे सहकारी १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बॉइज कॅमेऱ्याने फोटो काढून दाखवून गेले की लीडर पायरी-पायरीने, दर पायरीला काही दहा मीटर असा खाली येतो आणि जमिनीशी जोड झाला की परतीचा झगझगीत प्रवाह वर जातो. हे फोटोत दिसतं. सुरुवात मात्र ढगाच्या पोटात होते, कॅमेरा तिथे आंधळा. म्हणून रेडिओ.

आणि इथे या पेपरचं खरं कौतुक करायला पाहिजे. न्यू मेक्सिकोतल्या लँगम्युअर प्रयोगशाळेजवळ त्यांनी रेडिओ इंटरफेरोमीटर लावला. तीन अँटेना, २० ते ८० मेगाहर्ट्झचा पट्टा, सेकंदाला १८ कोटी नमुने. एकाच स्रोताची लाट तीन अँटेनांवर किती फरकाने पोचते त्यावरून ती आकाशात कुठल्या दिशेने आली ते कळतं. नॅरो बायपोलर इव्हेंट ही घटना जेमतेम दहा-वीस मायक्रोसेकंद टिकते, आणि विजेशी संबंधित रेडिओ लाटांमध्ये सगळ्यात जोरदार. १९८० पासून ती माहीत होती, पण आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. या गटाने ते दाखवलं: स्रोत सेकंदाला ४ ते १० कोटी मीटर वेगाने खाली सरकतोय. प्रकाशाचा वेग ३० कोटी आहे हे आठवा. नेहमीचा पायऱ्यांचा लीडर याच्या शेकडो पटींनी हळू चालतो.

आता दिशेवरून प्रभार कसा ओळखला ते बघा, मला पेपरातला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो. ढगाच्या वरच्या भागात धन प्रभार, मधल्या भागात ऋण. क्षेत्र धनाकडून ऋणाकडे, म्हणजे खाली. धन स्ट्रीमर क्षेत्राच्या दिशेने जातात, ऋण उलट. स्रोत खाली जातोय, म्हणजे धन. याला त्यांनी नाव दिलं 'फास्ट पॉझिटिव्ह ब्रेकडाउन', आपण 'वेगवान धन भेद' म्हणू. हे जुन्या समजुतीशी जुळतंही, कारण समुद्रसपाटीच्या हवेत धन स्ट्रीमरला पुढे जायला साधारण ५ लाख व्होल्ट प्रति मीटर पुरतात, ऋणाला त्याच्या दुपटीहून कमी चालत नाही. ज्याला कमी लागतं तो आधी निघणार, हे कुणालाही पटेल. मलाही पटलं. इतकं पटलं की मी पुढे वाचलंच नाही.

माझी पहिली तक्रार ॲब्स्ट्रॅक्टच्या शेवटच्या वाक्यावर आहे. तिथे म्हटलंय की 'अनेक, किंवा कदाचित सगळ्याच' विजा अशा सुरू होतात. 'अनेक' हे निरीक्षण आहे. 'कदाचित सगळ्याच' ही आशा आहे. दोन्ही एका स्वल्पविरामाच्या अंतरावर बसवल्या की घाईत वाचणारा दुसरी घेऊन जातो. लेखक खोटं बोलत नाहीत, 'कदाचित' हा शब्द तिथे आहे. पण शीर्षकात तो नाही.

दुसरी तक्रार जास्त मुळातली आहे. 'सुरुवात' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि पेपर एकावरून दुसऱ्यावर कधी गेला ते कळत नाही. एक, आपल्या उपकरणाला दिसलेली पहिली घटना. दोन, ती घटना ज्याच्यामुळे घडली ते. वेगवान धन भेद हे पहिल्याचं भक्कम उत्तर आहे. पण हे स्ट्रीमर 'स्थानिक तीव्र क्षेत्रात' निघतात असं लेखक म्हणतात, आणि ते तीव्र क्षेत्र आलं कुठून, हाच तर जुना प्रश्न होता! दहापटीची दरी जिथे होती तिथेच आहे, फक्त एक पाऊल मागे सरकली. घराला आग कशी लागली असं विचारलं आणि 'पडदा आधी पेटला' असं उत्तर मिळालं, तर माहिती मोलाची आहे, पण काडी कुणी ओढली ते राहिलंच.

आता २०१९. त्याच 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये पेपर येतो: 'वादळी ढगांतील वेगवान ऋण भेद'. पहिली लेखिका ज्युलिया टिल्स, तेव्हा न्यू हॅम्पशायर विद्यापीठात पीएच.डी. करत होती. (हो, आपल्यासारखीच.) निरीक्षणं फ्लोरिडातली, केनेडी स्पेस सेंटरची. तसलीच जोरदार घटना, तसलाच अफाट वेग, पण दिशा उलट. स्रोत वर जातोय. म्हणजे ऋण. आणि इंटरफेरोमीटर प्रत्येक क्षणी फक्त एक बिंदू देतो, तो खरंच सरकतोय की नुसता तसा भास होतोय, अशी शंका कुणी काढू नये म्हणून रेडिओ खगोलशास्त्रातलं प्रतिमा काढायचं तंत्र आणून त्यांनी पूर्ण चित्र तयार करून तपासलं.

याने काय बिघडलं? 'धनाला कमी क्षेत्र लागतं, म्हणून तोच पहिला' हा युक्तिवाद लंगडा झाला. ज्याला दुप्पट लागतं तोही तितक्याच वेगाने पहिला येऊ शकतो, तर आपण प्रयोगशाळेतल्या स्ट्रीमरवरून ढगाबद्दल जे बांधलं त्यात काहीतरी निसटतंय. लेखकही असंच म्हणतात, की समजुतीचा मुळापासून फेरविचार व्हायला हवा.

आणि आता लेखकांची यादी बघा. क्रेबिल आहेत, रायसन आहेत, २०१६ च्या पेपरातले आणखीही आहेत. स्वतःच्या 'उघड होते'ला तीन वर्षांत स्वतःच भोक पाडायला मोठं मन लागतं, आणि म्हणूनच मी या मंडळींचा चाहता आहे. या दुसऱ्या शीर्षकात क्रियापदच नाही, तेही बघा. जे दिसलं त्याचं नाव, बस्स.

तिथून पुढे गंमत वाढत जाते. २०१६ च्याच यादीतले शाओ २०२० मध्ये एका पेपरच्या शीर्षकातच म्हणतात की वैश्विक किरणांच्या वर्षावाने वीज पेटल्याचा पुरावा मिळाला, म्हणजे जो दुसरा गट २०१६ ला बाजूला पडला होता तो परत दारात. २०२१ मध्ये स्टर्पका आणि सहकारी नेदरलँड्समधल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीने बघतात, तर त्यांच्या घटनेत जोरदार स्फोट नाहीच. अगदी क्षीण सुरुवात, पटीपटीने वाढत जाणारी, सेकंदाला ४८ लाख मीटरने सरकणारी. 'कदाचित सगळ्याच' तिथे संपलं. (या शीर्षकातही 'उघड' आहे. सवय सुटत नाही.) २०२५ मध्ये पास्को आणि सहकाऱ्यांचं मॉडेल येतं, हवेतल्या प्रकाशविद्युत परिणामाने सुरुवात 'स्पष्ट होते' म्हणून, आणि बातम्यांमध्ये पुन्हा एकदा 'रहस्य उलगडलं'. मॉडेल ताकदीचं आहे, पण तो गणिताचा पेपर आहे, निरीक्षणाचा नाही, हे बातमीत कुठे सापडतं का बघा.

एक आपल्या बाजूचं सांगतो, कारण दर वळिवाच्या आधी कुणीतरी विचारतंच. पुण्याच्या आयआयटीएमचं जाळं आणि त्यावरचं 'दामिनी' ॲप वीज कुठे आणि कधी झाली ते सांगतं, जीव वाचवायला ते हवंच. पण ढगातले पहिले दहा मायक्रोसेकंद उलगडायला ते केलेलं नाही. तसला डेटा वापरून 'सुरुवातीवर' थीसिस करतो असं सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. मी लिहिणार होतो.

हे पेपर वाचणार असाल तर माझा सल्ला, उलट्या क्रमाने वाचा. आधी २०१९, मग २०१६. धन भेदाच्या चित्रांकडे तुम्ही आपोआप वेगळ्या नजरेने बघाल, आणि खालच्या दिशेचे बाण दिसले की 'या सगळ्या वादळांत वर जाणारा एकही नव्हता, की निवडलेल्यांत नव्हता?' हा प्रश्न आपसूक येईल. मूळ चित्रांतल्या जोरदार घटना ढगातल्या ढगात होणाऱ्या आहेत, हेही तेव्हाच नजरेत भरेल. जमिनीवर पडणाऱ्या विजेची सुरुवात खालच्या थरात होते. एकीचं उत्तर दुसरीला तसंच्या तसं लावायचं का, ते पेपर वाचून ठरवा, शीर्षक वाचून नको.

माझं सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: "अनेक विजांमध्ये रेडिओत दिसणारी पहिली घटना हा वेगवान भेद असतो, तो धन किंवा ऋण असू शकतो, तो कशामुळे सुरू होतो हे अजून ठरलेलं नाही." विषयही बदलला नाही, सुरुवातीवरच राहिलो. मॅडमनी या वेळी रेघ मारली नाही. फक्त 'अनेक' या शब्दाभोवती गोल केलाय, आणि समासात लिहिलंय, "किती?"