‘अखेरचे’ ह्या उपपदाविषयी

सॅक्सोफोन हे वाद्य पांढुर्णा-सौसरकडील श्रोत्यांस वरातीच्या बँडामुळे ठाऊक असते. त्याची मैफल होते, हे मात्र सांगावे लागते. सौसर येथे काही मित्रांसमवेत आम्ही जॉन कोल्ट्रेन ह्या अमेरिकन जाझ-वादकाचे एक ध्वनिमुद्रण ऐकले. ते न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, नायजेरियन तालवादक बाबातुंडे ओलातुंजी ह्यांच्या केंद्रात, २३ एप्रिल १९६७ रोजी झाले. त्याच वर्षी १७ जुलै रोजी कोल्ट्रेन यकृताच्या कर्करोगाने वारले. वय अवघे ४०. हे वादन प्रकाशित झाले २००१ मध्ये, ‘अखेरचे’ हे उपपद लावून.

ते उपपदच आम्हांस खटकते. त्यामुळे ऐकणारा आधीच हळवा होतो आणि प्रत्येक कर्कश स्वरात त्यास मरणाची चाहूल लागते. वास्तविक ह्यानंतर मे महिन्यात बाल्टिमोर येथे कोल्ट्रेन ह्यांची मैफल झालीच होती.

मुद्रण सदोष आहे, हे कबूल केले पाहिजे. ढोल व झांजांच्या कल्लोळात ॲलिस कोल्ट्रेन ह्यांचा पियानो बुडतो; स्वर फाटतात. यंत्र बिघडले काय, असे एका मित्राने दोनदा विचारले. पण रात्र उलटल्यावर रंगलेले खंजिरीभजन ज्याने देवळाच्या ओसरीवर बसून ऐकले आहे, त्यास हे नवे नाही. तेथेही शब्द हरवतात, पद हरवत नाही.

‘ओगुंडे’ ही रचना स्टुडिओत चार मिनिटांच्या आत आटोपली होती. येथे ती अठ्ठावीस मिनिटे चालते. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे मूळचे संगीत नाटकातील गाणे. त्यावरील १९६० च्या वादनाने कोल्ट्रेन लोकप्रिय झाले. येथे प्रथम जिमी गॅरिसन ह्यांचा बास कित्येक मिनिटे एकटाच बोलतो. मग कोल्ट्रेन ती ओळखीची चाल उचलतात आणि मोडतात. रविशंकरांवरून मुलाचे नाव रवि ठेवणाऱ्या ह्या कलावंतास आपले संगीत अपरिचित नव्हते. तथापि ख्यालगायक विस्तार करून समेवर येतो. रशीद अली ह्यांचे ड्रम समेचे तसे आश्वासन देत नाहीत. आमचा कान तेथे अडखळला, हे लपवीत नाही.

फेरो सँडर्स ह्यांच्या किंकाळ्या आम्हांस फार लांबलेल्या वाटल्या. परंतु त्यांच्यामागून कोल्ट्रेन परततात तेव्हा सूर दमलेला नसतो.

मृत्यूची हकीकत आम्ही मित्रांना वादन संपल्यावर सांगितली. तोवर कोणीही हळहळले नव्हते. वाद चालला होता तो सँडर्सविषयी.