वाचनवर्गातील मनोनकाशा : विद्यार्थिमतांवरील संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना :
विद्यापीठीय स्तरावरील इंग्रजी वाचनवर्गात माइंड मॅप अर्थात मनोनकाशाचा वापर करून विद्यार्थ्यांची मते अजमावणाऱ्या शोधनिबंधांची रचना बहुधा ठरलेली असते. काही आठवडे अध्यापन, अखेरीस लिकर्ट श्रेणीची प्रश्नावली, तिची शेकडेवारी आणि 'हे तंत्र उपयुक्त आहे' हा निष्कर्ष. प्रस्तुत लेखात या निष्कर्षाच्या आधाराची चिकित्सा केली आहे.

संकल्पनेची गल्लत :
टोनी बुझान यांनी १९७४ मध्ये बीबीसीवरील मालिकेतून मनोनकाशा लोकप्रिय केला. त्यात एका मध्यवर्ती कल्पनेपासून शाखा फुटत जातात. त्याच दशकात कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी विकसित केलेल्या संकल्पना-नकाशात मात्र दोन संकल्पनांमधील संबंध जोडरेषेवर शब्दांत लिहावा लागतो. वाचनाच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे. 'म्हणून', 'तथापि', 'जर-तर' यांवर उभा असलेला युक्तिवाद केवळ नामांच्या शाखांत मावत नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी उताऱ्यातील ठळक शब्द उचलून सुबक नकाशा काढू शकतो. वाक्याचा अर्थ त्याला उमगलेला असेलच असे नाही.

मत आणि फलित :
फॅरंड व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वैद्यकाच्या ५० विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात मनोनकाशाचा गट आठवड्यानंतरच्या स्मरणात सरस ठरला. मात्र तंत्राविषयीची त्याची प्रेरणा कमी होती. याउलट कार्पिक व ब्लंट यांच्या २०११ च्या प्रयोगात, मजकूर समोर ठेवून संकल्पना-नकाशा काढण्यापेक्षा मजकूर मिटून आठवणे अधिक फलदायी ठरले. तरीही बहुसंख्य विद्यार्थ्यांना नकाशा तितकाच किंवा अधिक उपयुक्त वाटत होता. हा दुसरा प्रयोग मनोनकाशाचा नसल्याने त्याचे फलित येथे जसेच्या तसे लावता येणार नाही. तथापि आवड, उपयुक्ततेची समजूत आणि प्रत्यक्ष आकलन या तीन भिन्न गोष्टी आहेत, एवढे या दोन्ही अभ्यासांवरून स्पष्ट होते.

प्रश्नावलीच्या मर्यादा :
बहुतेक ठिकाणी शिकवणारा, प्रश्न विचारणारा आणि गुण देणारा एकच असतो. विधाने एकाच दिशेची असल्यास सहमती सहज मिळते. नावीन्याचा प्रभावही दुर्लक्षिला जातो. असहमत विद्यार्थ्यांची संख्या कोष्टकात नोंदवली जाते. त्यांची कारणे मात्र विचारली जात नाहीत. वस्तुतः वेळ किती लागला, कोणता उतारा नकाशात बसला नाही, शब्दसंग्रह कुठे अपुरा पडला, हे विद्यार्थीच सांगू शकतात. मतसंशोधनाचे खरे मूल्य तेथेच आहे.

समारोप :
विद्यार्थिमत हे संशोधनात आवश्यक आहे. परंतु ते परिणामकारकतेचा पुरावा नव्हे. प्रश्नावलीसोबत विद्यार्थ्यांनी काढलेले नकाशे तपासावेत, मुलाखती घ्याव्यात आणि काही दिवसांनी आकलन चाचणी घ्यावी. नकाशा पुस्तक मिटून काढावयास सांगणे हाही उपयुक्त मार्ग ठरतो. २०१४ मध्ये ब्लंट व कार्पिक यांनीच अशा नकाशाची फलदायकता दाखवून दिली आहे. वाचनाच्या मोजक्या तासिकांवर ज्यांचे पुढील शिक्षण अवलंबून आहे, त्यांच्याबाबतचे निर्णय केवळ शेकडेवारीच्या आधारे घेणे समर्थनीय ठरत नाही.